मंगळवारची वीस मिनिटं

२००७ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या अठरा गावांत ग्रामपंचायतीच्या छपरावर पांढऱ्या छत्र्या बसल्या. कापसाचं संकट मोठं आणि तज्ज्ञ मोजके, म्हणून शेतकऱ्यानं गावातूनच उपग्रहामार्फत तज्ज्ञाशी बोलावं, अशी ती योजना. छत्र्या अठरा असल्या तरी उपग्रहावर वाट एकच मिळाली होती. एका वेळी एकच गाव बोलू शकायचं. कोणी कधी बोलायचं, हे यवतमाळच्या केंद्रात मंजुषा कोलारकर ठरवायची.

मंजुषा न्यायी होती. सुरुवातीला तिनं प्रत्येक गावाला आठवड्याला वीस मिनिटं दिली. पण निम्मी गावं आपल्या वेळेला पडद्यावर यायचीच नाहीत आणि वाट रिकामी पडायची. मग तिनं नियम केला: जे गाव वेळ वापरणार नाही, त्याची पाच मिनिटं कापायची आणि मागेल त्याला द्यायची. वरच्या कार्यालयाला हा नियम फार आवडला. दोन महिन्यांत उमरखेडकडच्या एका गावाकडे आठवड्याचे दोन तास जमा झाले. तिथे इन्व्हर्टर होता आणि निवृत्त हेडमास्तर श्रीकृष्ण दामले होते. त्यांच्याकडे कापूस नव्हता. ते गुलाबाच्या कलमांबद्दल विचारत.

फुलसावंगीजवळच्या एका तांड्याची वीस मिनिटं मात्र पंधरा झाली, मग दहा, मग पाच. ज्या आठवड्यात ती शून्यावर आली, त्या आठवड्यात तांड्याचं केंद्र सांभाळणारी मानीबाई राठोड पहाटेची एसटी धरून यवतमाळला आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची फांदी. फांदीवर पीठ शिंपडल्यासारखे पांढरे किडे चिकटले होते.

"गावंडे साहेबाशी बोलाचं हाय मले," ती म्हणाली. विठ्ठलराव गावंडे हे पडद्यावर दिसणारे कापसाचे तज्ज्ञ.

"आज नाही जमणार," मंजुषा म्हणाली. "आज दिवसभर मुंबईचे साहेब आढावा घेताहेत. वाट त्यांच्याकडे आहे."

"कायचा आढावा?"

"शेतकऱ्यांना पुरेसा वेळ मिळतो की नाही, त्याचा."

मानीबाईनं मान डोलावली. तिला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

"तुमचा नंबर मंगळवारी अकराला होता," मंजुषा म्हणाली. "चारही वेळा पडदा काळा. मग वेळ कापला जाणारच ना?"

"सकाळी सहाले लाइन जाते मॅडम, ते दोनले येते. मी अकराले केंद्र उघडून बसतो. लोकं बी बसतात. काळा पडदा पाहून उठून जातात."

"मग कळवायचं नाही का?"

"इथंच फोन केलता. उचलणारा माणूस म्हणे, तक्रार स्क्रीनवर येऊन सांगा."

मंजुषानं दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं. वेळापत्रक करताना तिनं तज्ज्ञांच्या रजा पाहिल्या होत्या, साहेबांचे दौरे पाहिले होते. लोडशेडिंगचा तक्ता याच इमारतीच्या जिन्यात चिकटवलेला होता. ती रोज त्याच्यासमोरून वर यायची.

"या माझ्याबरोबर," ती म्हणाली.

आढाव्यासाठी गावंडे साहेबांना खास यवतमाळला बोलावून घेतलं होतं. शेजारच्या खोलीत ते सकाळपासून आपला नंबर यायची वाट बघत चहा पीत होते. त्यांनी फांदी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला.

"पिठ्या ढेकूण आहे. किती झाडांवर?"

"धुऱ्याकडच्या चार ओळीत. आत नाही अजून."

"मग आख्ख्या वावरात फवारू नका. तेवढी झाडं उपटून जाळा. बांधावरचं गाजरगवतही काढा, तो तिथूनच येतो. तांड्यात सगळ्यांना आजच सांगा."

चार मिनिटंही लागली नाहीत. मानीबाई दुपारच्या एसटीनं परत गेली.

संध्याकाळी आढावा संपला. वाटप समाधानकारक असल्याचं ठरलं. त्या आठवड्यात सर्वाधिक वापर केल्याबद्दल हेडमास्तरांच्या गावाचं नाव अहवालात आलं. तांड्यापुढे शून्य होतं, कारण मानीबाई उपग्रहावरून बोललीच नव्हती.

मंजुषानं जिन्यातला तक्ता काढून टेबलावर आणला आणि अठराही गावांची वीस-वीस मिनिटं लाइन पाहून नव्यानं लावली. अडचण एकच होती. बहुतेक गावांत लाइन दुपारी येत होती, आणि रोजची दुपारी तीन ते पाच ही वेळ साहेबांच्या बैठकांसाठी राखीव होती. तिनं बैठका सकाळी अकराला टाकल्या आणि खाली सही केली. आता आपली बदली पांढरकवड्याला होणार, असं तिनं घरी सांगूनही ठेवलं.

बदली झाली नाही. सकाळी साहेबलोक कार्यालयात पोचलेलेच नसत, त्यामुळे बैठका आपोआप बंद पडल्या आणि कुणाची तक्रार आली नाही. महिनाभरानं पत्र आलं. बैठकांवरचा उपग्रहाचा वेळ वाचवल्याबद्दल मंजुषाचं कौतुक केलं होतं, आणि सकाळचा तो वाचलेला वेळ दुसऱ्या जिल्ह्याला देण्यात येत असल्याचं कळवलं होतं.

गावांचा दुपारचा वेळ मात्र राहिला, तांड्याची वीस मिनिटंही. मंगळवारी अडीचला मानीबाई पडद्यावर आली. तिच्यामागे तीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती.

"झाडं जाळली साहेब," ती म्हणाली. "आता तुरीचं इचारू का?"