नकार न आल्यास

गुणाजी मिस्त्रींच्या पोस्टकार्डाला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. मसुदे केले, एक फार कडक वाटला, एक फार लाचार, आणि तिसऱ्यात ‘सदरहू’ हा शब्द दोनदा आला.

कार्डात एवढंच होतं: ‘शिवदासराव, इंजिन खोललं. वॉल्व्हवर भागणार नाही, पिस्टन आणि रिंगाही गेल्यात. खर्च नऊशेचा एकवीसशे होईल. आठ दिवसांत नकार न आल्यास काम सुरू करतो.’

चौऱ्याऐंशी साल होतं. मुलुंडला आमच्याकडे फोन नव्हता, नाहूरला त्यांच्या गॅरेजातही नव्हता. शिवाय तोंडी विचारलं की गिऱ्हाईक नंतर फिरतं, म्हणून वाढलेलं काम ते कार्डानेच कळवत.

गाडी, म्हणजे आमची जुनी फियाट, कागदोपत्री माझी. चालवायची माझी बायको, जानकी. पन्नाशीत तिने लायसन्स काढलं. रविवारी सकाळी ती आरे कॉलनीच्या झाडीतून गाडी पिटाळायची, आणि मी शेजारी पुस्तक उघडून, डोळे मिटून बसायचो. आठवडाभर ती त्या एका सकाळची वाट बघायची. दुरुस्तीचे नऊशे तिने शिकवण्या करून साठवले होते.

कार्डाचं मी तिला बोललो नाही. उत्तर टाकलं की सांगू, असं म्हणत राहिलो. त्यामुळे गाडी आणायला गेलो तेव्हा बिल बघून ती उडालीच.

"एकवीसशे? हो कोण म्हणालं तुम्हाला?"

"नाही पण कोण म्हणाला नाय, वहिनी. साहेबांना कार्ड टाकलेलं."

"यांना?" जानकीने माझ्याकडे न बघताच बोट दाखवलं. "अहो, हा माणूस जन्मात कुणाला नाही म्हणालेला नाही! दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून यांनी डझनभर कंगवे घेतलेत. डोक्यावर बघा काय आहे!"

गुणाजींनी माझ्या टकलाकडे सहानुभूतीने पाहिलं. "ता खरा. पण माका काय सपान पडतला?" मग तेलाचा डबा आणून त्यांनी जुने पिस्टन तिच्यापुढे ओतले. "घ्या, तुमचेच आहेत. हात लावून बघा."

"काम केलंत ते दिसतंय. विचारलंत कुणाला ते बोला. गाडी कोण चालवतं?"

"तुम्ही."

"मग?"

"पण नावावर साहेबांच्या ना!"

दोघं माझ्याकडे वळले. माझ्या हातात गुणाजींनी दिलेला कप होता. "चहा झकास झालाय," मी म्हणालो.

जानकी नऊशेच्या वर एक पैसा द्यायला तयार नव्हती, आणि पुरे पैसे मिळेपर्यंत गुणाजी गाडी सोडणार नव्हते. शेवटी ते म्हणाले, "साहेबांनी ठरवावं. कळवतील ते मला मान्य."

"मलाही," जानकी म्हणाली. "पण ठरवणार कधी? दिवाळीला?"

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी लवकर उठून तयार झाली आणि केर काढायला लागली. त्याच्या पुढच्या रविवारी तर घर कधी नव्हे एवढं लख्ख झालं. ती माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकत होती. पुस्तकांवरून मी नजर वळवली, तर तिच्या कमरेला गाडीची जादाची किल्ली खोचलेली दिसली.

पुस्तकांसाठी काचेचं कपाट घ्यायला मी थोडेथोडे करून पैसे जमवले होते. या वेळी मसुदा केला नाही. सरळ कार्डावरच लिहिलं: ‘तुम्ही विचारलंत, गप्प मी बसलो. तेव्हा वरचे बाराशे माझे. मात्र गाडी जानकीबाईंची आहे. यापुढे कार्ड त्यांच्या नावे टाकावं, आणि उत्तर येईपर्यंत इंजिनाला हात लावू नये.’

जानकीने ते वाचलं. "आणि कपाट?"

"पुस्तकं खाटेखाली बरी आहेत."

"मग नाहूरला जाऊन तोंडानेच सांगा ना! इथून इथे तर आहे."

"तोंडाने सांगायला गेलो तर चहा पिऊन परत येईन."

ती हसली. चपला घालून माझ्याबरोबर नाक्यापर्यंत आली, आणि कार्ड पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथून हलली नाही.