पेल्यांमधले रुमाल

आमच्या काचेच्या कपाटात आई पेल्यांच्या मधे रुमालाचे तुकडे खोचून ठेवायची. पाहुण्यांना ती तिची टापटीप वाटे. खरं कारण घरामागे होतं. तिथे गॅसवर चालणारं वीजकेंद्र होतं आणि बाबा तिथे शिफ्टचे प्रमुख होते. मशीन सुरू झालं की त्याचा वेग वाढत जाई, आणि मधल्या एका टप्प्यावर सगळंच थरथरू लागे. केंद्रातली जमीन, आमची भिंत, कपाट. रुमाल असूनही पेले किणकिणत. तो टप्पा ओलांडला की थरथर थांबे आणि मशीन एका सुरावर स्थिरावे. बारीक, लांब, न तुटणारा सूर. त्या सुरावर मी गणितं सोडवली, गोवर काढला, रुसून बसले.

कंट्रोल रूममध्ये कोण आहे, हे आई किणकिणीवरून सांगायची. बाबा तो टप्पा झटकन पार करत. त्यांचे सहकारी काका मात्र जपून, बेताबेताने वेग वाढवत, आणि पेले बराच वेळ वाजत राहत.

"आज सावकाशराव आहेत," आई म्हणे. "माझा एखादा पेला फुटू दे, मग बघते त्यांच्याकडे."

गॅस दूरच्या देशातून जहाजाने यायचा. केंद्राच्या कामगारांच्या वसाहतीत, जिथे आम्ही राहत होतो, लोक भेटले की आधी "जहाज लागलं का?" असं विचारत, मग तब्येतीचं. एका हिवाळ्यात दुसऱ्या कुणी जास्त किंमत देऊ केली आणि आमच्याकडे निघालेली जहाजं वाटेतूनच वळली. केंद्र थंड पडलं. अंधार व्हायच्या आत शाळा सुटू लागली. बाबा घरी बसून असत. ते उगाच कपाट उघडत, पेले नीट लावत, कपाट बंद करत. थोड्या वेळाने पुन्हा उघडत. आई त्यांना काही बोलत नसे, आणि ती बोलत नाही याचीच मला भीती वाटे.

आता मी वीज खरेदी-विक्रीच्या कार्यालयात आहे. उद्या कोणत्या तासाला किती वीज लागेल, आपल्या सौर आणि पवन प्रकल्पांतून किती मिळेल, उरलेली कुठून आणायची, हे आदल्या दिवशी दुपारी ठरवणं हे माझं काम. सीमेपलीकडे मोठी धरणं आहेत. दोन्ही देशांना जोडणारी वीजवाहिनी झाल्यापासून आमची उन्हातली जादा वीज तिकडे जाते आणि संध्याकाळी तिकडची इकडे येते. केंद्र क्वचितच लावावं लागे. महिनाअखेर ते कायमचं बंद होणार होतं आणि वसाहतही रिकामी होणार होती. निवृत्तीनंतर बाबांना तिथेच राहू दिलं होतं. आई गेल्यापासून ते एकटे होते. त्या शुक्रवारी ते माझ्याकडे राहायला यायचे होते.

बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"उद्या संध्याकाळी वारा पडणार ना गं?"

"हो. बातम्यांत सांगितलं का?"

"बातम्या कशाला हव्यात? गच्चीवर उभं राहिलं की कळतं. मग, मशीन लावणार का?"

"दुपारी ठरेल, बाबा."

"सहज विचारलं. पेले बांधायला घेतले होते. जाण्याआधी एकदा ऐकावं म्हटलं. उद्यापर्यंत राहू देतो कपाटात."

बाबा सहज काही विचारत नाहीत.

दुपारी आकडे आले. उद्याच्या संध्याकाळची तूट भरायला दोन मार्ग होते: केंद्र लावायचं किंवा धरणाची वीज घ्यायची. खर्चात नावापुरता फरक होता. साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

"अगं, किती वेळ? एवढा विचार तर मी लग्न ठरवताना केला नव्हता."

"म्हणून तर रोज भांडता."

केंद्र लावलं असतं तर मला कुणीही जाब विचारला नसता. गॅस टाकीत होता. पण त्याच टाकीतल्या गॅसवर शहरातली इस्पितळं हिवाळ्यात उबदार राहतात, आणि टाकी रिकामी झाली की पुन्हा जहाजाकडे डोळे लावून बसायचं. मला कपाट उघडणारे बाबा दिसत राहिले. मी धरणाची वीज घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाबांकडे गेले. खोल्यांमध्ये खोकी रचलेली होती. कपाट तेवढं जागच्या जागी होतं. बाबांनी रुमाल काढून घडी करून ठेवले होते आणि पेले एकमेकांना खेटून लावले होते. ते समोर खुर्ची टाकून बसले होते.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. पेले गप्प होते.

"धरणातून?" बाबांनी विचारलं.

"हो." मग मी सांगून टाकलं, "मला केंद्र लावता आलं असतं, बाबा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"नाही लावलंस ते बरं केलंस. त्या हिवाळ्यात माझी काय दशा झाली होती. तुला नसेल आठवत."

"आठवते."

बाबा उठले. त्यांनी एक पेला काढून नळाखाली भरला, बोट ओलं केलं आणि पेल्याच्या कडेवरून फिरवू लागले. काच गुणगुणली.

"हाच का गं तो सूर?"

"नाही. हा जाडा आहे."

ते एक घोट पाणी प्यायले. "आता?"

"अजून थोडा वर."

"मला शिकवू नकोस. जन्म गेला माझा तिथे."

"माझा अभ्यास झालाय त्यावर."

आणखी एक घोट. बोट पुन्हा फिरलं, आणि या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. बारीक, लांब सूर खोलीभर पसरला. मी खोक्यावर बसले. पायांशी दप्तर नव्हतं, एवढंच.

"सावकाशरावांना फोन लाव," बोट न थांबवता बाबा म्हणाले. "त्यांनाही ऐकू दे."

मी फोन लावून पेल्याजवळ धरला. घंटी वाजत राहिली. काकांनी उचलायला वेळ घेतला, आणि बाबा हसत हसत बोट फिरवत राहिले.