साध्या वाटीतलं पाणी

तेहतीस वर्षं झाली, मी बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबचा मामा हाय. नाव झुंबर, गाव कळस, रोज एसटीनं येणं-जाणं. बेडकं सांभाळली, गांडुळं सांभाळली, कुणाची तक्रार न्हाय. पण त्या आठवड्यात एका वाटीनं माझं डोकं असं फिरवलं की आमची घरची, तानूबाई, म्हणाली, भाकरी चुरताय कशाला, खायची तर खा.

त्याचं असं झालं. सणसरची प्रियदर्शनी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोर, रत्नागिरीहून समुद्राची साळिंदरं घेऊन आली. साळिंदर कसलं, लिंबाएवढा काटेरी चेंडू. तिनं त्यांची अंडी फळवली अन् शनिवारी दोन वाट्यांत ठेवली. एका वाटीत औषध, तिच्यावर चिठ्ठी, हात लावू नये. दुसरीत नुसतं समुद्राचं पाणी, ताडून बघायला. या कामावर तिची पुण्याची संशोधनाची जागा ठरणार होती, तिच्या गाईड राजेश्वरी मॅडमनी तसं पत्र दिलं तरच.

मी विचारलं, ह्यात बघायचं काय? तर म्हणाली, अंड्याच्या सोळा पेशी झाल्या की तळाला चार बारक्या पेशी बसतात. त्या वरच्या शेजारणींना निरोप धाडतात, तुम्ही आतडं व्हा. मग त्या आत वळतात अन् आतडं होतं. औषधानं हा निरोप फार जोरात जातो, म्हणून आतडं आत जायचं सोडून बाहेर लोंबतं. मी म्हणालो, तोंड न्हाय, कान न्हाय, निरोप जातो कसा? तर म्हणे एक पेशी काहीतरी द्रव्य सोडते, ते दुसरीला लागतं. मी व्हय व्हय केलं. कळलं काय, माझं कपाळ!

रविवारी पोर घरी गेली. मी बेडकांना चारायला लॅब उघडली तर साध्या वाटीचं झाकण पंख्यानं उडालेलं, पाणी निम्म्यावर. समुद्राच्या पाण्याचा कॅन रिकामा. जीव तळमळला हो, एवढुशी बाळं ती, सुकून जातील. आमच्या कॉलेजच्या बोअरचं पाणी असलं खारट की चहा फाटतो. तेच घातलं. जिभेवर थेंब घेऊन बघितला, थोडं अळणी लागलं, म्हणून आमटीत टाकावं तसं चिमूटभर मीठ टाकलं. झाकण लावलं अन् खुशीत घरी गेलो.

सोमवारी दोन्ही वाट्यांत आतडी बाहेर. पोर मायक्रोस्कोपातनं डोळा काढंना. औषध नसलेल्या वाटीत असं झालंच कसं? राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, तू दोन्हीकडं औषध टाकलंस, दुसरं काय. ती न्हाय म्हणाली. मंगळवारी म्हणाली, आठवत नाही. बुधवारी म्हणाली, टाकलं असेल. साळिंदरं मरून गेलेली, परत करून बघायची सोय न्हाय. मला बी काही उमगंना. औषधाच्या वाटीला तर मी बोट लावलं नव्हतं, चिठ्ठी होती ना! साध्या वाटीत पाणी घातलं, पाण्यानं कुठं कुणाचं आतडं बाहेर येतं?

गुरुवारी ती एकटी बसलेली बघून मी सहज विचारलं, निरोप बिघडायला औषधच लागतं का गं? ती म्हणाली, नाही मामा, पाण्यातले क्षार बदलले तरी बिघडू शकतो.

म्हणजे माझं बोअरचं पाणी अन् ती मिठाची चिमूट. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. तरी तोंड उघडलं न्हाय. भ्यालो, खोटं कशाला सांगू. तेहतीस वर्षांचं नाव एका चिमटीत जाणार. रातभर कूस बदलली, वाटायचं, पाण्यानं झालंच असेल कशावरनं? उगा अंगावर कशाला ओढून घ्या? सकाळी वाटायचं, अन् झालं असेल तर?

शुक्रवारी मॅडम पत्र देता येत न्हाय असं लिहायला बसल्या, पोर समोर उभी. मी आत गेलो अन् म्हणालो, "मॅडम, त्या साध्या वाटीत मी पाणी घातलं. बोअरचं. चवीपुरतं मीठ बी."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं पोर आता माझ्या अंगावर धावून येणार. आली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसते स्वतःचे दोन्ही तळवे बघितले.

"सोमवारीच सांगायचं ना मामा," ती म्हणाली. "मी घरी सांगून बसले, मला हे जमत नाही म्हणून. उद्या पप्पा सामान न्यायला येतायत."

मॅडमनी समोरचा कागद बाजूला सारला अन् म्हणाल्या, पाण्याचं लिहून काढा, बघू. पण माझं ध्यान तिकडं नव्हतं. मी म्हणालो, वडलांना फोन लाव, मी बोलतो.

तिनं लावून दिला. मी म्हणालो, लॅबमधला झुंबर मामा बोलतोय, चूक माझी हाय, पोरीची न्हाय, तिच्या हातनं काही चुकलेलं न्हाय.

तिचे पप्पा म्हणाले, "जरा थांबा. तिच्या आईला बोलावतो. हेच परत सांगा."

मी परत सांगितलं.