काठी टेकवायची नाही

"काठ्या किती आहेत?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"तीन."

"वडलांच्या का? मग हा बघा. खाली रबर आहे, फरशीवर सरकत नाही." बाईंनी छत्र्या आणि हातातल्या काठ्या ठेवायचा एक उभा स्टँड पुढे केला.

"चालायच्या नाहीत हो. गळाच्या. मासे धरायच्या."

"मग आधी तसं सांगायचं," असं म्हणत बाई त्याला आतल्या भिंतीकडे घेऊन गेल्या.

चष्मेवाला त्यांच्या मागे गेला. तो चष्म्याच्या दुकानात नोकर होता, पण गल्लीत सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. एकतीस वर्षं तो मागच्या टेबलाशी बसून लोकांच्या चष्म्यांच्या काड्या सरळ करत आला होता. कुणी चष्मा लावून झोपलेला असायचा, कुणी त्यावर बसलेला असायचा. केसाएवढा बाकसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरातल्या तीन काठ्या मात्र चार वर्षं सुटल्या होत्या.

भिंतीवर पाच-सहा प्रकारचे रॅक लावलेले होते. काहींत काठ्या उभ्या राहायच्या, काहींत आडव्या झोपायच्या.

"आत्ता कशा ठेवल्यात?" बाईंनी विचारलं.

"आडव्या."

थाप इतकी सहज निघाली की त्याचं त्यालाच नवल वाटलं. चार वर्षं फोनवर दादाला तो हेच सांगत होता, त्यामुळे जीभ सरावली होती.

"आडव्या नीट आहेत, तर मग रॅक कशाला हवाय?"

तो उगाच एका रॅकचा स्क्रू चाचपत राहिला.

दादा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा सायकल शिकवण्यापासून ते चष्म्याच्या दुकानात चिकटवून देण्यापर्यंत सगळं दादाने केलं. दर रविवारी पहाटे दोघं गावाबाहेरच्या तलावावर गळ टाकून बसत. तिथे दादाचा नियम एकच होता. "काठी टेकवायची नाही. एक तर आडवी ठेवायची, नाहीतर टांगायची. टेकवलेली काठी वाकते, आणि वाकलेली काठी मासा सोडून बाकी सगळं पकडते." मग दादाला अर्धांगाचा झटका आला. मुलगी त्याला आपल्या गावी घेऊन गेली. तिच्या दोन खोल्यांत काठ्यांना जागा नव्हती, म्हणून त्या धाकट्याकडे आल्या. "रॅकच करून घेतो की," तेव्हा तो म्हणाला होता. महिन्याभराने फोनवर "रॅक केला" असंही सांगून मोकळा झाला होता.

आता रविवारी दादा येणार होता. पुतणी त्याला इथल्या डॉक्टरांना दाखवायला आणणार होती. "काठ्या बघायच्यात," दादा फोनवर एवढंच म्हणाला.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "जरा वापरलेला वाटेल असा एखादा मिळेल का?"

बाईंनी चष्मा नाकावर सरकवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांची डावी काडी किंचित वाकलेली होती. "आजवर नवा मागणारेच आलेत. हा घ्या, तीन वर्षं नुसता दाखवायला लावलेला आहे. चार काठ्यांचा. कोपऱ्यात ओरखडाही आहे."

"चालेल."

"थांबा, पुसून देते."

"नको," तो घाईघाईने म्हणाला. "धूळ राहू द्या."

रॅक बांधताना बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने त्याचे कान तापले. पन्नाशी उलटलेला माणूस धूळ विकत घ्यायला आला होता.

घरी त्याने रॅक भिंतीला ठोकला आणि वॉशिंग मशीनमागून काठ्या काढल्या. मशीनमागच्या कोपऱ्यात टेकवलेल्या होत्या त्या, पहिल्या दिवसापासून. तिथे उभ्या असताना बाक तितकासा कळत नव्हता. रॅकवर आडव्या ठेवल्यावर मात्र तिघींच्या पाठी सारख्याच झुकलेल्या दिसल्या.

बायको दारात उभी होती. "भाऊजींना खरं काय ते सांगून टाका. ते काय खाणार आहेत तुम्हाला?"

"सांगण्यासारखं काय आहे? रॅक आहे, काठ्या आहेत."

"आणि तुम्ही आहात," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

तिघींतली बांबूची काठी दादाने स्वतः केलेली होती. बांबू शेगडीवर शेकत, इंचाइंचाने सरळ करत दादाने तिच्यावर एक अख्खा उन्हाळा घालवला होता. चष्मेवाल्याला वाटलं, काड्या सरळ करण्यात आपण मुरलेले, हीच एक तेवढी सुधारू. दुसऱ्या दिवशी तो तिचा शेंड्याकडचा सुटा होणारा भाग दुकानात घेऊन गेला आणि फ्रेमा मऊ करायच्या गरम हवेच्या यंत्रापुढे धरला. प्लास्टिक त्याचं ऐकायचं. बांबूने ऐकलं नाही. पॉलिशला फोड आले, दोन बोटं रुंद काळा डाग पडला, आणि दाब दिला तशी काठी जुना बाक न सोडता पुढे उलट्या बाजूला वाकली. त्याने डागाची बाजू भिंतीकडे करून ती रॅकवर ठेवून दिली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि ती काठीपेक्षा त्या भिंतीकडे वळवण्याची होती.

रविवारी दादा आला. हातात काठी, डावा पाय ओढत. चेहऱ्याची डावी बाजू अजून थोडी उतरलेली होती. बोलणं सावकाश, पण स्वच्छ होतं.

"चहा टाकू का आधी?" बायकोने विचारलं.

"आधी काठ्या," दादा म्हणाला.

आतल्या खोलीत त्याने आपली चालायची काठी भिंतीशी टेकवली आणि खुर्चीत बसून रॅककडे पाहिलं. मग त्याची नजर खाली उतरली. भिंतीलगत फरशीवर भोक पाडताना सांडलेली चुन्याची पांढरी पूड तशीच होती. रॅकवरची धूळ राखण्याच्या नादात खालची पूड झाडायची राहून गेली होती.

"छान आहे रॅक," दादा म्हणाला. "ती बांबूची दे बरं."

पुतणीने काढून दिली. दादाने ती मांडीवर घेऊन एका हाताने सावकाश फिरवली. डाग वर आला.

"अगंबाई, ही जळली कशी?" पुतणी म्हणाली. "बाबा, ही तर तुम्ही केलेली ना? काका, काय झालं हिला?"

बायकोने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "माझ्या हातून झालं." त्याला म्हणायचे तीनच शब्द होते. तोंड उघडलं, पण ते तीन शब्द काही बाहेर येईनात.

"माझ्याच हातून झालं ते," दादा म्हणाला. "आजारी पडायच्या आधी. बाक काढायला गेलो शेगडीवर. जास्त शेकली."

बायको खाली बघू लागली. चष्मेवाल्याला वाटलं, दादाने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. पुतणी "अरेरे" म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

चहा बाहेरच्या खोलीत झाला. पुतणीच्या हाताला धरून दादा तिथवर गेला. चष्मेवाल्याचा चहा निवत होता. तो उठून आत आला. भिंतीशी दादाची चालायची काठी टेकलेली होती. ती त्याला बघवेना. त्याने ती उचलली आणि रॅकच्या चौथ्या, रिकाम्या जागी आडवी ठेवली.

निघायच्या वेळी पुतणीने शोधाशोध केली. "बाबांची काठी रॅकवर कुणी ठेवली?"

दादा हसला. अर्धाच चेहरा हसला, पण खराखुरा. "शिकला एकदाचा," तो म्हणाला.

पुतणी रिक्षा बघायला खाली गेली. जिन्याच्या तोंडाशी दोघंच उरले, आणि तेव्हा कुठे चष्मेवाल्याला वाचा फुटली.

"दादा, टेकवलेल्या होत्या. मशीनच्या मागे, चार वर्षं. रॅक गुरुवारी आणला. जाळलीही मीच, यंत्रावर."

"ठाऊक आहे."

"मग तू का म्हणालास तसं?"

"तुझं तोंड बघवेना म्हणून." बोलताना दादाला मधेमधे श्वास घ्यावा लागे. "काठ्यांचं जाऊ दे रे. बांबूच तो. तू का आला नाहीस?"

चार वर्षांत तो एकदाच गेला होता. दादाच्या तोंडातून चहा ओघळला, तो दादाला कळला नाही, मुलीने पुसला. त्यावेळी तो खिडकीबाहेर बघत बसला आणि मिळेल त्या गाडीने परत आला. पुढे दर सणावाराला, दर सुटीला "येतो, येतो". दुकानात माणूस नाही, गुडघा दुखतोय, पुढच्या महिन्यात नक्की. कारणं खूप होती. आता सांगायला गेला तर त्यातलं एकही सापडेना.

"भीती वाटली," शेवटी तो म्हणाला. "तुला तसं बघायची."

"मलाही वाटायची," दादा म्हणाला. "आरसा होता ना खोलीत."

खालून पुतणीची हाक आली. दादाने हातातली काठी धाकट्याकडे दिली. धाकट्याला आधी कळेना, ही आपल्याला कशाला. मग दादाचा हात खांद्यावर पडला. वाटलं होतं त्याहून जड होता.

"जिना उतरताना काठीचा भरवसा वाटत नाही," दादा म्हणाला. "तुझ्यावर टेकतो जरा. चालेल ना?"

त्याने मान हलवली. दादाची काठी बगलेत आडवी धरली, कठडा घट्ट पकडला, आणि पाठ होईल तितकी सरळ ठेवून पहिली पायरी उतरला.