मौनाच्या उद्यापनाची घंटा

मी एक पितळी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे बरं का! सोलापुरात, विद्यापीठाच्या दिव्यांग कक्षाच्या दाराशी मी टांगलेली आहे. इथे दिवसचे दिवस कुणी फिरकत नाही.

भांड्यांच्या दुकानातून मला रुक्मिणीताईंनी आणलं. श्रावणातले सगळे सोमवार मौन धरायचं आणि उद्यापनाला देवाला घंटा वाहायची, असं त्यांचं व्रत. लेकीची, भार्गवीची, वाचा मोकळी व्हावी म्हणून. भार्गवी बोलताना अडखळते. ‘ताक’ म्हणताना पहिल्याच अक्षराशी अडली, की आई लगेच पेला पुढे करायची. मायाच ती, पण पोरीचं वाक्य काही पुरं व्हायचं नाही.

मौनाच्या दिवशी घर अगदी सुनं व्हायचं. भार्गवी देवघरात माझ्यापाशी बसून हळूच बोलायची. मी ऐकायची. उत्तर कुठलं द्यायला!

मागच्या तोंडी परीक्षेत तिच्या ओठांवरचं उत्तर निघालंच नाही. “अभ्यास केलेला दिसत नाही,” असं म्हणून परीक्षकांनी तिला नापास केलं. आता पुन्हा परीक्षा होती आणि जादा वेळ या कक्षाकडे मागायचा होता. बोलावणं आलं ते नेमकं श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचं.

“आई, तू च... चल की,” भार्गवी म्हणाली. आई निघाली. येताना देवळात जायचं म्हणून पिशवीत मीही.

“बोल बाळ, काय हवंय?” कक्षातल्या हिरेमठ मॅडमनी विचारलं. भार्गवीने सवयीने आईकडे पाहिलं. आईने तोंड उघडलं आणि गच्च मिटलं. व्रत होतं ना!

“बोल की पोरी लवकर,” दारातून शिपाई कुंडलिकमामा म्हणाले, “मला चहा आणायचाय.”

“मग आणा जाऊन,” मॅडम म्हणाल्या. “आम्हाला घाई नाही.”

भार्गवी अडली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून निघाली.

“मला उ... उत्तर येतं. वे... वेळ लागतो. तेवढा द्या.”

आईने पदर डोळ्यांना लावला. लेकीचं वाक्य तिने आज शेवटपर्यंत ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन परत आली. “देवळात घंटा लई आहेत की! ही इथे लावा मॅडम. ज्याला ‘आत येऊ का’ म्हणता येत नाही, त्याने वाजवावी.”

“आई,” भार्गवी हसली, “पु... पुन्हा माझ्या आधी बोललीस!”

जादा वेळ मिळाला, भार्गवी पास झाली. अजून अधूनमधून येते. हात माझ्यापर्यंत नेते, मागे घेते आणि आपल्या चालीने विचारते, “आ... आत येऊ का?”

बाकी कितीतरी पावलं जिन्यापर्यंत येतात आणि तिथूनच फिरतात. मला ऐकू येतं ना!

लेकरांनो, एवढा जिना चढा. हवं तर मला वाजवा, नको तर नका वाजवू. तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत मी गप्प राहीन. रुक्मिणीताईंचं मौन आता मी धरलंय.