माझ्या पाठीवरचे सत्तावीस किलोमीटर

मंगळवार. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. भिवंडी-कल्याण रस्ता, कोन, एका सात मजली सोसायटीचे फाटक.

मी बोलतोय, त्या फाटकाशी अजून पडून असलेला हिरवा प्लास्टिकचा क्रेट. माझ्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका आहे आणि पाठीवर कंपनीचं लेबल : 'स्थानिक. ताजं. पर्यावरणपूरक. शेत ते घर फक्त २७ किलोमीटर.' ठिपका खरा आहे. लेबलाबद्दल मला बोलायचंय.

प्लास्टिकचा असून पर्यावरणाच्या गप्पा मारतो म्हणून हसू नका. मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बादल्या वितळवून मला घडवलंय. शेवंताबाईंनी मला घेतलं आणि ओळखीसाठी ठिपका दिला. त्यांची भाजीची वाडी वज्रेश्वरीजवळ. चार वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी मी पहिल्या एसटीने भिवंडीला आलो, तिथून शेअर रिक्षाने कोनला. एसटी काही माझ्यासाठी सुटत नव्हती. ती येणारच होती, मी फक्त मागच्या कोपऱ्यात बसायचो.

साडेसातला बावीस घरं खाली यायची. जुडीला केळीच्या सोपाची, म्हणजे सुकलेल्या सालपटाची, गाठ, पिशवी ज्याची त्याची. परत जाताना मी देठं आणि सालं घेऊन जायचो, वाडीतल्या खतखड्ड्यासाठी. सगळं गोड होतं असं नाही. एसटी रखडली की लोक चिडायचे, भाजी सुकायची.

मग साडेसात अनेकांना जमेना. कुणाची ड्युटी सहाची, कुणी रात्रपाळी करून नुकताच झोपलेला. त्यांचंही खोटं नव्हतं. वळ गावातल्या गोदामातून एक कंपनी घरपोच भाजी देते, वेळ तुम्ही ठरवा, असं कळलं आणि सोसायटीने करार केला. फाटकात दुसऱ्या कुणी भाजी विकायची नाही, ही कंपनीची अट. शेवंताबाई काय करणार? त्या कंपनीलाच भाजी घालू लागल्या, माझ्यासकट.

त्या मंगळवारी शेवंताबाई फाटकाशी आल्या, कंपनीने वाकडे म्हणून परत केलेले अकरा दुधी घेऊन. वॉचमन दामूने अडवलं.

"मावशी, आत नको. करार हाय."

"वाकडा दुधी शिजत न्हाय का रं दामू? तुझी बायको काय फूटपट्टी लावून चिरते?"

तेवढ्यात कंपनीचा टेम्पो आला. ड्रायव्हर कुणालने मला उतरवलं. शेवंताबाईंनी ठिपका ओळखला. माझ्यातली लाल माठाची जुडी उचलली, वरची प्लास्टिकची पिशवी फाडली.

"ही गाठ माझी हाय. रविवारची तोड ही. आज मंगळवार. कुठं फिरवलीत रं हिला?"

भाजी होती मृणालीताईंची. एके काळी शेवंताबाईंची पहिली गिऱ्हाईक. त्या खाली आल्या त्याच तणतणत.

"काय कुणाल, भाजी आज येते?"

"मॅडम, काल सहाला आलो, तुम्ही नव्हता. आठला आलो, तर तुम्ही परत टाइम बदललेला. दोन्ही वेळा क्रेट वळला परत नेला. तुमच्या एका बिल्डिंगला काल चार चकरा झाल्या. गाडीत कधी दोन क्रेट, कधी एकच."

मृणालीताईंनी फोन उघडून कालच्या बदललेल्या वेळा पाहिल्या. त्या ऑफिसात अडकल्या होत्या, हे खरं. फोनवर वेळ बदलली की टेम्पो हलतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

"ताई," शेवंताबाई म्हणाल्या, "मला मंगळवार-शुक्रवार अर्धा तास फाटकात उभं ऱ्हाऊ द्या. बाकी काय नको."

मृणालीताईंनी तिथूनच कंपनीला फोन लावला. शिळ्या जुडीची आणि फुकटच्या फेऱ्यांची तक्रार नोंदवली गेली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने शेवंताबाईंची भाजी घेणं बंद केलं. सोसायटी सांगते, करार मार्चपर्यंत आहे. वाडीत लाल माठाला तुरे आलेत, तो आता कुणी घेणार नाही.

मला मात्र मृणालीताईंनी परत जाऊ दिलं नाही. पुरावा म्हणून ठेवलंय. दुपारी दामू मला उलटा करतो, माझ्यावर बसतो आणि डबा खातो.

माझं मागणं लहान आहे. जवळची भाजी घ्या, जरूर घ्या. पण ती कशातून आली, किती घरांची मिळून आली, किती वेळा आली, हेही विचारा. आणि जमत असेल त्याने आठवड्यातून दोनदा जिना उतरा.

वाडी ते वळ बत्तीस किलोमीटर. वळ ते कोन चौदा. हा रस्ता मी त्या एका जुडीसाठी पाच वेळा कापला. एकूण एकशे दोन. लेबलावर सत्तावीस आहेत. उरलेले पंचाहत्तर कुठे गेले, हे मृणालीताईंनी कंपनीला लेखी विचारलं, त्याला आज पंधरा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही.