मी जयूला पाडलं नाही

मी सायकल बोलतेय. लेडीज, हिरवी आणि निर्दोष. यातलं शेवटचं कोणी मानलंच नाही. पडतात माणसं, आणि नाव घेतात माझं!

माझी पहिली मालकीण गिरणीच्या साहेबाची मडम. सत्तेचाळीस साली ती बोटीने मायदेशी गेली, मी उज्जैनला गंज खात राहिले. छप्पन साली दौलतगंजातल्या तात्यांनी मला घरी आणलं. तात्या सरकारी हापिसात कारकून. घरात बायको माई आणि मुलगी जयू.

जयूची नवी शाळा रुळांपलीकडे, फ्रीगंजात. तिला नेणारा टांगेवाला दिवाळीनंतर गाव सोडणार होता. तात्यांनी सांगून टाकलं, "तोवर सायकल चालवता आली तर शाळा. नाहीतर घरी बसून पोळ्या लाट."

रोज सकाळी मैदानात ते माझं सीट मागून धरायचे आणि धावत ओरडायचे, "सांभाळ! दगड आहे! पडशील! पडशील गं!"

अख्ख्या मैदानात दगड एकच. जयू नेमकी त्यावर जायची.

"धांदरट आहेस," तात्या म्हणायचे. हळूहळू जयूही म्हणायला लागली, "मी धांदरटच आहे." पुढे पोर पाण्याचा तांब्या उचलेना, सांडेल म्हणून. ताटात वरण वाढून घेईना, तेही सांडेल म्हणून.

मग तात्यांनी दोष माझ्यात शोधला. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, गाड़ी तो फर्स्ट क्लास है." पटतंय कुणाला! "मडमेचं भूत असेल हिच्यात," म्हणून मला भैरवगढला काळभैरवापुढे नेलं. तिथे देवाला नैवेद्य दारूचा. प्रसादाचे थेंब तात्यांनी माझ्या दोन्ही चाकांवर शिंपडले. सोवळ्यातल्या घरची सायकल मी, गुत्त्यासारखी वास मारत अंगणात उभी!

शेजारणीने माईला हळूच विचारलं, "तात्याजी पीने लगे क्या?"

"वो नहीं," माई म्हणाली, "हमारी साइकिल पीती है."

तेवढ्यात नवं राज्य होणार म्हणून तात्यांना फायलींसकट भोपाळला बोलावलं. टांगा वळला तशी माईने पदर खोचला. "चल गं. मी धरते."

"माई, तुला येते सायकल?"

"मला धरता येतं. चालवायची तू."

माई चांगली वजनदार. चार पावलं धावली की दम लागायचा, ओरडायला श्वासच उरायचा नाही. जयू पडली.

"लागलं?"

"हो."

"मोडलं काही?"

"नाही."

"मग बस परत."

बसली. परत पडली. या खेपेला आपली आपण उठली, गुडघ्याला थुंकी लावली, माझं हँडल सरळ केलं. "माई, मघापेक्षा लांब आले ना?"

"मग! चांगली लांब आलीस."

आणि एका सकाळी माई कुठल्या कुठे मागे राहिलेली, जयू घंटी वाजवत एकटीच ओरडतेय, "येते मला! येते मला!" दगड जागेवरच होता. आम्ही बाजूने गेलो. त्या दिवशी पोरीने वरण आपल्या हाताने दोनदा वाढून घेतलं.

दिवाळीला तात्या टांग्यातून उतरतात, तर समोरून आम्ही. पिशवी टाकून धावत सुटले, "जयू! पडशील! पडशील गं!"

माझं चाक डगमगलं. खरंच डगमगलं. जयूने ओठ आवळले, हँडल घट्ट धरलं. "नाही पडत, तात्या! तुम्ही बघून धावा!"

तात्यांनी बघितलं नाही. थेट नालीत गेले.

माई त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होती, तर कण्हत म्हणतात, "भैरवाचा गुण आला बघ." माईने हळद जरा जोरातच दाबली. जयू मात्र शाळेत गेली. माझ्यावर बसून गेली.

आता माझा रंग उडालाय, घंटी मुकी झालीय. उज्जैनातच, नानाखेड्याला जयूच्या घरामागे उभी असते. परवा तिची नात माझ्यावर बसली. जयूने सीट धरलं, धावली, तोंड उघडलं... आणि मिटून घेतलं. नात पडली, उठली, पुन्हा बसली.

बायांनो, बाबांनो, लेकरांना धरा, पण तोंड आवरा. आणि माझ्या नावावरचे ते जुने ओरखडे आता तरी उतरवा. जयूला मी पाडलं नाही. दगडाने नाही, मडमेच्या भुतानेही नाही. तिला पाडत होते ते तात्या.